शबरीसाठी दिलेलं लुगडं

मित्रांनो, मी एक जुनं नऊवारी लुगडं आहे. डाळिंबी रंगाचं, रेशमी काठाचं. नागपुरात नंदनवनच्या मागे नत्थूजींचा हातमाग होता, त्यावर माझा जन्म झाला. नत्थूजींनी आयुष्यभर लोकांसाठी लुगडी विणली. मला मात्र त्यांनी आपल्या बायकोसाठी, रुख्मिणीसाठी विणलं. तिने मला पहिल्यांदा नेसलं, तेव्हा गल्लीतल्या बाया माझा काठ बोटांनी चाचपून पाहत होत्या. मला फार अभिमान वाटला होता.

पुढे माग थांबले. नत्थूजींचा मुलगा पंकज मनीषनगरात मोबाइल दुरुस्त करू लागला. मी पेटीत पडून राहिलं. रामनवमीला तेवढं रुख्मिणी मला नेसे आणि शेजारच्या बायांना शबरीची गोष्ट सांगे.

मागच्या वर्षी सोनिका नावाची मुलगी घरी आली. रामकथेवरच्या एका मालिकेसाठी ती कपडे जमवत होती.

"काकू, शबरीसाठी हातमागाचं लुगडं पाहिजे. आता कुठं मिळत नाही," ती म्हणाली.

रुख्मिणीने मला पेटीतून काढलं. "शबरीले नेसवता? मंग घेऊन जा वं. पण जपून."

चित्रीकरणाच्या जागी दिग्दर्शकाने मला उलगडून पाहिलं. "हे फार चांगलं आहे. जंगलातली बाई आहे ती."

मग मला गढूळ पाण्यात बुडवलं. पदराला कात्री लावून तो हातांनी टरकावला. नटीच्या तोंडाला काळा रंग फासला.

"सर, शबरी गरीब होती. मळकट होती, असं कुठं आहे?" सोनिका म्हणाली.

"लोकांना तशीच ओळखू येते," एवढं बोलून तो कॅमेऱ्याकडे वळला.

रामाने बोरं खाल्ली तेव्हा तिथल्या सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र शरमेने त्या नटीच्या अंगाला चिकटून होतं.

तो भाग दाखवला गेला तेव्हा रुख्मिणी धंतोलीच्या एका दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. सून प्रियदर्शनीने तिच्यासमोर मोबाइल धरला होता. सोनिका मला परत द्यायला नेमकी त्याच दुपारी आली आणि पिशवी मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसली. मोबाइलच्या पडद्यावर रुख्मिणीने मला काठावरून ओळखलं.

"देव येणार म्हणून शबरी रोज वाट झाडत होती," ती हळूच म्हणाली. "अशी बाई आंघोळ करून, धुतलेलं नेसूनच बसली असन ना? मंग तिले असं काहून केलं?"

"काकू, मी सांगितलं होतं त्यांना. ऐकलं नाही."

"मी तुले दोष नाही देऊन राहिली, पोरी. पण देवाले सजवलं अन् तिले मळवलं."

चार दिवसांनी रुख्मिणी गेली. तिला घरी आणल्यावर शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या, "तिचं डाळिंबी लुगडं आणा. तेच नेसवू."

नत्थूजींनी मला उघडलं. फाटलेल्या पदरावर त्यांचा हात थांबला.

"फाटक्यात नाही पाठवत मी तिले," ते म्हणाले.

पंकजने दुकानातून नवी साडी आणली. नत्थूजींनी सवयीने तिचा काठ चाचपला आणि हात मागे घेतला. मग तीच साडी नेसून रुख्मिणी गेली. मी पेटीवर पडून सगळं पाहत होतं.

नंतर नत्थूजींनी मला तीनदा धुतलं. चिखल निघाला, पदर सांधला गेला नाही. तो प्रसंग अजून मोबाइलवर फिरतो आणि लोक हात जोडतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कदाचित तुम्हीही देवाची गोष्ट पडद्यावर दाखवाल. रामाचा मुकुट हवा तेवढा चमकू द्या. पण त्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या म्हातारीला धुतलेलं लुगडं नेसवा. खाटेवर पडून कुणी तरी तिच्यात आपलं माणूस शोधत असतं.