आवळ्याखालची दिवेलागण

आवळ्यावरची दिव्यांची माळ लागली, त्या क्षणापासून शरयूच्या अंगणात सकाळ झाली नाही. फाटकाबाहेर सगळं रीतसर चालू होतं. शाळेच्या रिक्षा जात होत्या, भाजीवाला मेथी घेऊन ओरडत होता. ऊन कंपाउंडच्या भिंतीवर चढे, वरच्या कडेपर्यंत येई आणि तिथूनच मागे फिरे. आत मात्र दिवेलागणीची वेळ होती आणि ती तशीच राहिली होती. आभाळ जांभळट, चिमण्या नुकत्याच गप्प झालेल्या.

आवळ्याखाली, स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर, हात वर करून नलू उभी होती. नलू म्हणजे शरयूची धाकटी बहीण. माळेचं शेवटचं टोक तिच्या मुठीत होतं.

नोकऱ्या संपल्यावर दोघी बहिणी या घरात राहायला आल्या, तेव्हापासून दर कार्तिकात त्यांच्याकडे आवळीभोजन असे. झाडाखाली सतरंज्या, पत्रावळी, भरली वांगी, मसालेभात आणि आळीतली सगळी माणसं. त्यांच्या लहानपणी आई आवळ्याजवळ एकच पणती लावायची. तीही बुंध्यापासून हातभर लांब, झाडाला धग लागू नये म्हणून. जेवून झालं की दोघी तिथेच सतरंजीवर आडव्या व्हायच्या. शरयूचं बोट मुठीत धरल्याशिवाय नलूला झोप लागत नसे.

यंदा नलूने माळा लावायचं काढलं. "लोकांना ताटातलं दिसू दे की जरा. गेल्या वर्षी जाधवकाकांनी वांग्याचा देठसुद्धा खाल्ला."

मंडपवाला बाबासो दुपारभर शिडीवर होता. त्याने खोडाला, फांद्यांना माळा गुंडाळल्या. एक फांदी राहिली तोवर दिवेलागण झाली आणि तो खाली उतरला.

"आता नको, आज्जी. झाड झोपलं. सकाळी येतो."

शरयूलाही तेच वळण होतं. तिन्हीसांजेनंतर पान तोडायचं नाही, फांदीला हात लावायचा नाही. आवळ्याची बारीक पानं त्या वेळी हात जोडल्यासारखी मिटतात. आई सांगायची, झोपलेल्या झाडाला हलवलं तर ते आपल्यालाही झोपेत ओढून नेतं.

पण नलू स्टूल घेऊन आली.

"नलू, खाली उतर."

"मी झाडाला कुठं हात लावतेय? वायरला लावतेय." तिने माळ फांदीवरून टाकली आणि टोक धरून ओरडली, "लाव गं, अक्का!"

शरयूने ओसरीवरचं बटण दाबलं. झाड उजळलं. पानं मिटलेलीच राहिली, पण नलूच्या पापण्या जड झाल्या.

"अक्का, मला झोप येतेय."

"मग उतर ना."

"पाय उतरत नाहीत."

शरयूने तिला कमरेला धरून ओढलं. सगळं झाड हललं, आवळे टपाटप पडले आणि नलूचे डोळे पूर्ण मिटले. शरयूने घाबरून हात सोडले, तेव्हा डोळे अर्धे उघडले. मग तिने ओढायचं सोडलं. मऊ भात कालवून तिने नलूला भरवला. नलू तो चावता चावता पेंगत होती.

फाटकाबाहेर उजाडलं तेव्हा दूधवाला आला. शरयूने पिशवी घेतली आणि मनात आलं म्हणून ओसरीवरचं बटण बंद केलं. माळ चालूच राहिली. रस्त्यावरचं ऊन मात्र गेलं.

"काकू, काय केलंत?" अंधारातून दूधवाला म्हणाला. "मला सायकल दिसंना."

शरयूने घाईघाईने बटण पुन्हा लावलं. ऊन आलं. दूधवाला डोळे चोळत पुढच्या घरी गेला.

बाबासो शिडी खांद्यावर घेऊन आला आणि फाटकाबाहेरच थांबला.

"उजाडलं की काढतो."

"अरे, उजाडलंय की! तुझ्या डोक्यावर ऊन आहे."

"माझ्या डोक्यावर आहे, आज्जी. झाडाच्या कुठं आहे?"

"मग पक्कड तरी दे. मी वायर तोडते."

"तसलं काय करू नका. टोक त्यांच्या मुठीत आहे. झटका त्यांनाच बसणार." त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि उन्हात उकिडवा बसून राहिला.

शरयू परतली तेव्हा माळेचा एक वेढा नलूच्या मनगटावर आला होता. भात शिजेपर्यंत तो कोपरावर गेला. आमंत्रणं आधीच गेली होती, त्यामुळे माणसं येणारच होती. ती आली. उन्हातून फाटकात पाऊल टाकताना प्रत्येक जण "अगंबाई, किती छान!" म्हणाला आणि पानावर बसला.

"नलूमावशी नाही बसत?" जाधवांच्या सुनेने, वृषालीने विचारलं.

"तिला उतरता येत नाही. तू जरा बघ ना गं."

वृषालीने वर पाहिलं. "डोळा लागलाय त्यांचा. राहू दे, दमल्या असतील." मग मागे सरून तिने मोबाईल काढला. "अक्का, तुम्ही पण उभ्या राहा ना शेजारी. फोटो मस्त येईल."

"यंदा ताटातलं दिसतंय हं," जाधवकाका म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वांगं घेतलं.

शरयू वाढत राहिली. एकेकाला वाकून विचारत राहिली, जरा हात लावता का, तिला खाली घेऊ या. सगळ्यांचे हात उष्टे होते. जेवून ते रस्त्यावरच्या उन्हात हात धुवायला गेले आणि तिकडूनच आपापल्या घरी गेले.

माळ आता नलूच्या खांद्यावरून गळ्यापाशी आली होती. छोटे पिवळे दिवे तिच्या पांढऱ्या केसांत लागत आणि विझत. तिच्या रिकाम्या हाताची बोटं एकमेकांना लागून मिटत चालली होती.

"अक्का, बोट दे ना."

"नको. तू झोपशील."

"तशीही झोपणारच गं. एकटीला भीती वाटते."

शरयूने फाटकाकडे पाहिलं. बाबासोने शिडीची सावली धरून बूड हलवलं आणि तिला हातानेच विचारलं, उजाडलं का? तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मी झाडाला कुठं हात लावतेय," शरयू पुटपुटली. "नलूला लावतेय."

तिने टाचा उंचावून बोट पुढे केलं. नलूची मूठ त्यावर हळूहळू मिटली, लहानपणी मिटायची तशीच. शरयूने आपल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्याची बोटं आपोआप एकमेकांना लागत होती, करंगळीपासून.