खिळ्यावरचा शेवट

मी एक जुना स्प्लायसर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. फिल्म कापायची आणि तिची दोन टोकं पुन्हा सांधायची, एवढंच माझं काम. ओंजळीत मावेल एवढा लोखंडी ठोकळा मी. एका बाजूला पातं, मध्ये फिल्मच्या कडेच्या भोकांत नेमके बसणारे दात आणि वरून दाबायला झाकण. आमच्या खोलीत सगळे मला ठोकळाच म्हणत. मला त्याचा कधी राग आला नाही. ज्याचं काम चोख, त्याला नावाचं काय एवढं?

कारखान्यात घडलो आणि तिथून थेट टीव्ही केंद्राच्या संकलन-खोलीतल्या टेबलावर आलो. तेव्हा परदेशी मालिका फिल्मच्या रिळांवर, पत्र्याच्या गोल डब्यांतून येत. येत त्या अगदी ऐसपैस. त्यांच्या देशात जाहिराती कमी असाव्यात. आमच्याकडे साबण, टूथपेस्ट, पंखे, कुकर, सगळ्यांना त्याच तासात दाटीवाटीने बसायचं असे. मग मालिकेनेच अंग चोरून घ्यायचं. तिला अंग चोरायला लावणारे आम्ही दोघं, मी आणि ताई.

ताई म्हणजे आमची संकलक. तिचा हात असा, की कापलेलं कुणाच्या बापाला कळत नसे. बोलणं ती सहसा कापत नसे, नाहीतर गोष्ट लंगडी होते. ती कापायची चालणं, जिने चढणं, दारं लोटणं, बूट काढणं, खिडकीबाहेर बघत बसणं. जाहिरात कुठे घुसवायची हेही तीच ठरवी. नायिकेने पाकीट फोडलं, आता कागद उलगडणार, तेवढ्यात साबण! घरोघरी लोक साबणाला शिव्या घालत, पण जागचे हलत नसत.

एक नियम मात्र कडक होता. मालिका भाड्याने आणलेली असे. आमच्याकडे दाखवून झाली की डबे पुढच्या शहरातल्या केंद्राकडे जात, आणि जाताना ती आली तशी अख्खी जायला हवी. म्हणून कापलेला एकही तुकडा फेकायचा नाही. भिंतीवर खिळ्यांची रांग होती. प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून खिळ्याला टांगायचा आणि मालिका परत पाठवताना माझ्या दातांत धरून पुन्हा जागच्या जागी सांधायचा. बढाई मारत नाही, पण माझा सांधा कधी उसवला नाही.

एकदा अशी एक मालिका आली, की तिने शहराला वेड लावलं. गोष्ट साधीच होती. मुलगा आईशी भांडून घर सोडतो आणि आई रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावून बसते. प्रश्न एकच, तो परत येतो की नाही. लोकांनी त्यावर पैजा लावल्या होत्या.

ताईची आईही ती मालिका बघत असे. आमच्या टेबलावर, अगदी माझ्या शेजारी फोन होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"आज तरी येतो का गं तो?" आई विचारायची.

"आई, आधीच सांगितलं तर बघशील काय?" ताई हसून म्हणायची आणि फोन ठेवल्यावर माझं पुसलेलंच पातं पुन्हा पुसायची.

कारण त्यांच्या घरातही एक रिकामी खुर्ची होती. ताईचा दादा भांडून घराबाहेर पडला होता. भांडण इतकं फुटकळ होतं की कारण आता कुणालाच धड आठवत नव्हतं. आई त्याचं नावही काढत नसे. विचारायची ती फक्त मालिकेतल्या मुलाबद्दल.

शेवटचा भाग ज्या संध्याकाळी दाखवायचा, त्याच दिवशी दुपारी डबा आला. मागच्या केंद्राने पाठवायला उशीर केला होता. ताई भराभर रीळ बघत गेली. आई दिवा लावते. बाहेर पावलं वाजतात. आई उठते... आणि एकदम कलाकारांची नावं सुरू! ताईने ती जागा माझ्या दातांत धरली. तिथे एक ओबडधोबड सांधा होता. मी लगेच ओळखलं, हे कुणा घाईच्या हाताचं काम. मागच्या केंद्राने जाहिरातींसाठी शेवट कापला होता आणि परत लावायचं तिथली माणसं विसरली होती.

फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "शोधतो, सापडला की पाठवतो."

तेवढ्यात जाहिरातसाहेब डोकावले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्यांचं जग वेगळंच होतं. "अहो ताई, शेवट नसला तर नसला. शेवटाच्या आधीची जाहिरात तेवढी जाऊ द्या!"

ते गेल्यावर प्रोजेक्टरवाले काका कपाळाला हात लावून बसले. "आता काय? लोक दगड घेऊन येतील. येतात पावलं आणि दिसतात नावं!"

ताईला लोकांच्या दगडांची भीती नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे टीव्हीसमोर बसलेली एकच बाई होती. दुसऱ्यांदाही कुणीच दारात आलं नाही, हे त्या बाईने कसं सोसायचं?

ती उठली आणि खिळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. त्याच मालिकेच्या आधीच्या भागांचे तुकडे तिथे लटकत होते. मुलाचे बूट जिना चढताना. दाराच्या मुठीवर हात. उंबऱ्याशी बूट काढणारे पाय. मान वर करून शेपटी हलवणारा घरचा कुत्रा. खिडकीतला दिवा मालवणारी आई.

"पण ताई, तो येतो की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?" काका म्हणाले.

"काका, माणसं जातात तेव्हा बोलतात. म्हणून जाणं मला ठेवावं लागतं. येताना गुपचूप येतात, ते मी कापते. बघा ना, या भिंतीवर सगळं येणंच टांगलंय."

मग आम्ही कामाला लागलो. पातं, दात, झाकण. पातं, दात, झाकण. जिना, मूठ, कुत्रा, बूट आणि शेवटी मालवलेला दिवा. मुलाचा चेहरा मात्र एकाही तुकड्यात नव्हता. त्याला इलाज नव्हता. इतका जीव ओतून मी आयुष्यात कधी सांधे घातले नव्हते.

भाग दाखवून संपला न संपला तोच फोन खणखणला. "आला गं! मी म्हणतच होते!" आईचा आवाज खोलीभर ऐकू गेला. काकांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

दुसऱ्या दिवशी खरा शेवट टपालाने आला. ताईने तो यंत्रावर लावून बघितला. मुलगा घरासमोर येतो, खिडकीतला दिवा बघतो आणि वळून निघून जातो.

मग ताईने आपला शेवट सोडवला, खरा शेवट जागेवर सांधला आणि बाकीचे तुकडे जिथले तिथे लावले. नियम म्हणजे नियम. पुढच्या शहरात तो मुलगा निघूनच गेला असणार. परत आला तो फक्त आमच्या शहरात.

डबा बंद केल्यावर तिने फोन उचलला.

"दादा, मी बोलतेय. ठेवू नकोस. काल आईने टीव्हीवर मुलाला घरी आलेलं पाहिलंय. ते खोटं होतं, मी जोडलेलं. माझ्याकडचे तुकडे आता संपले. पुढचं तू बघ."

पलीकडे तो इतकं हळू बोलला, की या वेळी मला ऐकू आलं नाही.

काही आठवड्यांनी ताईची आई आमची खोली बघायला आली. तिने मला हातात घेतलं, माझ्या दातांवरून बोट फिरवलं.

"त्याचा चेहरा का गं नाही दाखवला?" तिने ताईला विचारलं. "नुसते बूट."

ताईचं लक्ष दाराकडे होतं. तिथे एक उंच माणूस भिंतीला हात टेकून बूट काढत होता.

"असू दे," आई म्हणाली. "बुटांवरूनही कळतं."

मित्रांनो, आता मालिका संगणकावर कापतात. भिंतीवरचे खिळे निघाले, भोकं बुजवली. मी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. अंगावर धूळ आहे, पण दात शाबूत आहेत. माझी कीव करू नका, मी भरपूर कापलंय. तुम्हीही रागाच्या भरात पुष्कळ काही कापाल. खुशाल कापा. फक्त कापलेला तुकडा फेकू नका. एक खिळा ठोका आणि तो नीट टांगून ठेवा. सांधायला कुणीतरी मिळतंच.