पत्र्याले लावलेलं कुंकू

घाटंजीचा बबनराव फिटर म्हणजे कानानं मशीन तपासणारा माणूस. चौथीच्या पुढं शाळेचं तोंड पाह्यलं नाही, पण कापसाच्या जिनिंगमंदी मशीन सुरू झाली का दुरूनच सांगे, "तिसऱ्या रुळाचं बेरिंग रडून राह्यलं पाह्य." अन् खोलून पाह्यलं तं खरंच निघे.

मंग कापसाचे दिवस फिरले. गाड्या येणं बंद झाल्या, जिनिंगले कुलूप लागलं, अन् हा कानवाला माणूस घरी बसला. एकटा. बायको प्रभावती जाऊन अडीच वर्षं झाली होती. एकुलती एक पोरगी प्रियंका नर्स होऊन मस्कतले गेलती, तिकडंच संसार थाटला. घरात आवाज कराले उरले दोघं, एक फ्रीज अन् एक पंखा. फ्रीज घरघरला का बबनराव म्हणे, "हो बावा, ऐकून राह्यलो."

दोन हजार आठ सालची गोष्ट. दसरा चार दिवसांवर आलता. प्रियंकाले पोरगी झालती अन् ऐतवारी अकरा वाजता बारसं होतं. "बाबा, तुमी कॅमेऱ्यावर पाहा," ती म्हणे. कॅमेरा तिनंच धाडलता. जिनिंग बंद होताना मालकानं हापिसातलं जुनं कॉम्प्युटर बबनरावच्या गळ्यात घातलं होतं, त्याच्यावर तो बसवला. पण मागच्या ऐतवारी पाह्यलं तं पोरीचं तोंड अर्धं हसलेलं, तिथंच अटकलं. आवाज पुढं गेला, तोंड मागं राह्यलं. नातीचा तं नुसता एक पाय दिसला.

शनिवारी दुपारी हरिसिंग आला. टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटर, बिघडलेलं काहीही नीट करणारा बंजारा तांड्यावरचा हरिसिंग, जुना दोस्त. मशीन पाह्यली अन् हसला.

"फिटर, हे तं म्हातारा बैल हाय. याच्यात रॅमची पट्टी एकच, तेही लहानी. प्रभावती वहिनीच्या बंद कॉम्प्युटरमधली काढून याच्यात घालू. मंग पाह्य कसं पळते."

"तिच्या मशीनले हात नको लावू."

"काहून?"

"नको म्हटलं ना."

"मंग नातीचं बारसं फोनवर ऐक. पाळणा कुईकुई करीन, तेवढं ऐकून खुश होय."

बबनराव मंग उठला अन् कोपऱ्यातल्या मशीनवरचं विणलेलं कापड स्वतःच काढलं. ह्या मशीनवर प्रभावती लोकाईचे अर्ज टाइप करून दे. बाया ओट्यावर बसून राहत, अन् ते चष्मा नाकावर घेऊन एका एका बोटानं खटखट करे. नवऱ्यापेक्षा तीन वर्ग जास्त शिकेल होती, अन् तो हिशोब तिनं कधी विसरू देला नाही.

हरिसिंगनं चार स्क्रू काढले, पत्रा बाजूले केला अन् थबकला.

"याडी गं, माय गं! फिटर, हे काय हाय?"

आत सगळीकडं हळद-कुंकू. पंख्याले टिकला, डिस्कले टिकला, तारांच्या जुडग्याले टिकला. रॅमच्या पट्टीवर तं तीन बोटं, एकाखाली एक. तेलात कालवलेलं कुंकू ओघळून खाली खाचेत जाऊन वाळलं होतं, गुळाच्या पाकावानी.

"मशीन बंद कशी पडली होती?" हरिसिंगनं विचारलं.

"सुरू केली का लांब शिट्ट्या मारे. टूं, टूं. पडद्यावर काहीच नाही."

"मंग हेच. पट्टीच्या सोनेरी दातात तेल गेलं. पट्टी चांगली हाय, फक्त दात मळले."

बबनराव खाटेवर बसला. त्याले सारं आठवलं. मशीन घरात आली तवाचा पहिला दसरा. प्रभावती आरतीचं ताट घेऊन वरच्या पत्र्याले कुंकू लावत होती. तवा ह्यानंच टोकलं होतं, "पत्र्याले कायले लावतं? जिनिंगमंदी आमी रुळाले लावतो, तेलात कालवून, म्हंजे झडत नाही. काम करते त्याले लाव." अन् ह्यानंच स्क्रू खोलून देलते. पुढच्या दोन दसऱ्याले हा जिनिंगच्या पूजेत होता, तिनं एकटीनं खोलून लावलं.

तिसऱ्या दसऱ्यानंतर मशीन शिट्ट्या माराले लागली. तीनदा म्हणाली ते, "हरिसिंगभाऊले बोलवा ना." हा म्हणे, "सीझन हाय, वेळ नाही मले. अन् बाईमाणसाच्या हातानं मशीन बिघडतेच." कायचा सीझन? त्या साली गाड्याच नव्हत्या. दिवसभर जिनिंगच्या फाटकाजवळ पोत्यावर बसून राहे. ओट्यावरच्या बाया येणं बंद झाल्या. चार महिन्यांनी ताप डोक्यात गेला अन् प्रभावती गेली. शेवटी शेवटी रिकाम्या हातानं त्या मशीनसमोर बसून राहे ते.

हरिसिंगनं खिशातून खोडरबर काढलं.

"फक्त दात घास," बबनराव म्हणे. "वरचं राहू दे."

हरिसिंगनं वरच्या कुंकवाले धक्का न लावता दात घासले, पट्टी दुसऱ्या मशीनमंदी बसवली. खट्‌ आवाज आला. मशीन एकदाच बारकं टुक करून सुरू झाली.

ऐतवारी अकरा वाजता सारं दिसलं. पाळणा, फुगे, आत्यानं कानात नाव सांगतलं ते, नातीची मूठ. रेवा नाव ठेवलं. प्रियंका जवळ आली, तिच्या डोळ्याखालचं काळंही दिसलं.

"बाबा, चेहरा किती साफ दिसून राह्यला तुमचा! काय केलं?"

"तुह्या मायच्या मशीनची पट्टी घातली." मंग म्हणे, "प्रियंका, तिची मशीन माह्यामुळं बंद पडली होती. आत तेल-कुंकू लावाले मीच सांगतलं होतं."

तिनं आवाज बारीक केला.

"मले ठाऊक हाय बाबा. म्या नर्सिंग शिकत होती तवाच नागपूरवरून फोनवर तिले म्हटलं होतं, आत नको लावू, बिघडीन. तं मलेच म्हणे, तुह्या बापाची जिनिंगमधली मशीन तीस वर्षं बिघडली नाही, तू कोण शायनी?"

मागून कोणीतरी जेवाले हाका मारल्या. "ठेवते बाबा. तुमी जेवले काय?"

"हो हो, जेवलो," बबनराव म्हणे. चूल पेटली नव्हती. प्रियंका गेली अन् पडद्यावर कॅमेऱ्यातलं त्याचं एकट्याचंच तोंड उरलं.

दसऱ्याच्या दिवशी त्यानं प्रभावतीच्या मशीनले पत्रा लावला, चारही स्क्रू आवळले. ताटात कुंकू घेतलं, कोरडं. तेलाची बाटली फळीवर होती, तिले हात लावला नाही. वरच्या पत्र्याले बोट टेकवलं. कोरडं कुंकू गुळगुळीत पत्र्यावर टिकते काय? झडलं, खाली सांडलं.

त्यानं पुन्हा लावलं.