माझी शिंगं

माझ्या पोरानं, प्रज्योतनं, माझा लाल चुडीदार बुजगावण्याला घातला. कुंभारवाड्याच्या रस्त्याकडंच्या शेतात, जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघून हसावं म्हणून.

बावन्न वर्सांची हाय मी. गणेशगुडीच्या लॉजवर भाकऱ्या थापायला स्कूटीवरनं जाते, बसचा काय भरवसा न्हाई. श्रावणात पदर चाकात गेला आणि रस्त्यावर फरफटत गेले. हनुवटीला पाच टाके पडले. तवा सुनंनं, राखीनं, रामनगरच्या बाजारातनं चुडीदार आणला. म्हणाली, "आत्ती, हे घाला, न्हाईतर एक दिवस जीव जाईल."

वयाला शोभंना म्हणे! काल आमच्या भावकीतल्या येसाजीनं देवळापुढं प्रज्योतला डिवचलं, "तुझी आई शिंगं मोडून वासरांत शिरली की रं!" झालं. घरी येऊन पोरानं राखीच्या मुस्काटात दोन दिल्या. मी आडवी गेले, तर मला भिंतीवर ढकललं. डोकं फुटलं माझं. "उद्यापास्नं साडी. न्हाईतर लॉजचं काम बंद," म्हणाला. साडी नेसून मी स्कूटीवर बसायची न्हाई, हे त्याला ठाऊक होतं. म्हंजे माझं घराभायेर पडणंच बंद.

आज सकाळी शेतात तो चुडीदार बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. उतरले चिखलात. बुजगावण्याला उघडं केलं, करवंदीच्या जाळीमागं जाऊन ड्रेस घातला आणि साडीचा बोळा काखेत मारून भायेर आले.

प्रज्योत कोयता घेऊन बांधावरनं धावत आला. "काढ ते! काढ, न्हाईतर फाडतो!"

"फाड!"

त्यानं माझ्या झिंज्या धरल्या, भातात लोळवलं मला. कोयत्यानं बाही टराटरा फाडली. दंडातनं रगत आलं. कोयता परत वर गेला. उघडं बुजगावणं शेजारीच होतं. त्याचा बांबू उपटला आणि घातला मनगटावर. कोयता पडला. पुन्यांदा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

"शिंगं मोडली न्हाईत रं माझी!" मी वरडले. "हाईत का न्हाईत, बघ!"

मग तो लहानपणी रडायचा तसा रडाय लागला. हात लोंबत होता. दुपारपतुर बस न्हाई. राखीला स्कूटी येत न्हाई. बांधावर मान्सं जमली होती, येसाजी पण होता. माझी नजर पडली तसा मागं सरकला.

मी साडीची चिंधी दंडाला बांधली आणि स्कूटी काढली.

"बस मागं. का थांबतोस? साडी नेसून येऊ? वयाला शोभंल अशी?"

त्यानं धडक्या हातानं माझी कंबर आवळली. कपाळ माझ्या पाठीला टेकलं.

"न्हाई आये," म्हणाला. "हाय तशीच चल."

चालले. जोयड्याच्या दवाखान्यापतुर एकबी खड्डा चुकवला न्हाई मी.