मैनेची अर्धी वाट

माघाची उन्हं कलली होती. हळदीच्या हातानं कुणी गाल कुरवाळावा तशी ती ओढ्याकाठच्या वीतभर रानावर रेंगाळत होती. बोरीवर ऊन, बांधावर ऊन, मडकी भाजायच्या, आता विझलेल्या आव्याच्या राखेवर ऊन. सोन्याच्या डोळ्यांत तेवढं नव्हतं.

सोन्या म्हणजे धोंडाबाईचं गाढव. राखाडी अंगाचा, मऊ कानांचा, पाठीवर काळ्या रेघेचा. मैना त्याची जोडीदारीण. मडकी घडवणारा धनी गेला, चाक थांबलं, मातीची ओझी सरली. तरी धोंडाबाईनं जोडी मोडली नाही. दारात लेकरं असावीत तशी दोघं असायची. मानेला मान, सावलीला सावली.

मग कडब्याच्या गंजीपाशी मैनेला पान लागलं. नागाचं विष ते, उतरलं नाही. पुतण्यानं, भानुदासनं, सोन्याला परसात बांधलं आणि मैनेला ट्रॅक्टरनं ओढत नेऊन ओढ्यापल्याड पुरलं. सोन्याला काहीच दिसलं नाही.

तेव्हापासून तो वाटेकडं तोंड करून उभा. हरळी तशीच, पाणी तसंच. मधूनच ओरडायचा, आणि ओरडून झालं की कान पुढं करून थांबायचा. ओढा बोलायचा, बोर बोलायची. जिनं बोलायचं ती बोलायची नाही. कातडीखाली बरगड्या वर आल्या, आटत्या तळ्यात खडक वर यावेत तशा.

"काकी, ह्योबी चालला बघ तिच्या मागं," भानुदास म्हणाला.

"त्याला तिच्याकडं न्यायला पायजे."

"आता तिथं नुसती माती हाय. गाढवाला काय दाखवतीस?"

"तुझ्या काकाला नेलं तवा मला उंबऱ्यातच धरून बसवलं. बाईनं मसणात येऊ नये म्हणं. अजून कडी वाजली की मी उठती, भानुदास."

भानुदासनं वाकून दावं सोडलं आणि तिच्या हातात दिलं.

मैनेच्या पाठीवरचं जुनं गोणपाट काखेत मारून धोंडाबाई सोन्याला घेऊन ओढा उतरली. पल्याड मैनेवरच्या मातीच्या ओल्या ढिगावर तिनं ते पसरलं. सोन्यानं नाक टेकलं. हुंगलं. थरथरला, खुरापासून कानापर्यंत. पुन्हा हुंगलं, आणि कान हळूहळू मागं पाडले. ओरडला नाही.

धोंडाबाई शेजारी बसली. न पाहिलेल्या राखेवर ठेवावा तसा तिनं मातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. उन्हाची हळद फिकी झाली, ओढ्याचं पाणी काळवंडलं.

मग सोन्याच आधी वळला.

वाटेत त्यानं हरळीचा एक तुरा ओढला. चावला नाही, नुसता ओठांत धरला. पार बांधापाशी आल्यावर चावला. चालला मात्र कायमसारखा, वाटेच्या एका कडेनं. मैनेची अर्धी वाट मोकळी ठेवून.

धोंडाबाई मागून आली, त्या अर्ध्या वाटेवर पाऊल न टाकता. तिथून नुसतं उरलंसुरलं ऊन चाललं. बोरीखालून, बांधावरून, दारापर्यंत आलं, आणि उंबऱ्यापाशी निवलं.