धुक्याकडची बाग

वाटणी झाली तेव्हा नदीकाठची बाग माझ्या आईने मागून घेतली आणि टेकडीवरची धाकट्या काकूकडे गेली. वेल दोन्हीकडे एकाच जातीचे, एकाच वर्षी लावलेले. पण वर दहा वाजेपर्यंत धुकं हलायचं नाही, आणि आमची तोडणी उरकल्यावर तीन आठवड्यांनी काकूची द्राक्षं कुठे पिकायची. तिची पहिली वाइन काकांनी चाखली, आंबटपणाने डोळे मिटले आणि म्हणाले, "हिनं गंजलेलं कुलूपसुद्धा उघडेल."

काकूही हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने उताराच्या सहा कोपऱ्यांत थर्मामीटर बांधले आणि रोज सकाळी वही घेऊन फिरू लागली. दगडी बांधाजवळचं धुकं तासभर आधी विरतं, हे तिला असं कळलं. मग ती त्या ओळींची द्राक्षं वेगळी तोडायची, वेगळ्या पिंपात ठेवायची. मी आईच्या तळघरात काम करायचे, पण सवड मिळाली की वर पळायचे. काकू दोन पेले पुढे करायची. वीस पावलांचं अंतर, पण एकाला हिरव्या सफरचंदाची चव आणि दुसऱ्याला पिकल्या नाशपातीची. मी थक्क व्हायचे.

मग एक कडक उन्हाळ्याचं वर्ष आलं. रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असायच्या. घडांना ऊन लागावं म्हणून आईने नेहमीप्रमाणे भोवतीची पानं काढली आणि आठवड्यात घड करपले. साखर झपाट्याने चढली, आंबटपणा उडून गेला. वाइन झाली ती जड, बोजड, जिभेवर बसून राहणारी.

काकूने त्या वर्षी एका पानालाही हात लावला नव्हता. तिची वाइन टवटवीत होती, आणि गोडवा पहिल्यांदाच भरपूर उतरला होता.

एका दुपारी आई त्या वाइनने जग भरून टेकडी चढली. मी मागोमाग होते. तिने जग टेबलावर ठेवला.

"चाखून बघ. काही होण्यासारखं आहे का?"

काकूने घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. "ताई, अंगात जोर आहे हिच्या. फक्त झोपलीय."

तिने मापाच्या नळीने आपली थोडी वाइन त्यात घातली. मग आणखी थोडी. तिसऱ्या मिश्रणाला आईने पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला.

"वाटणीत मी चांगली बाग घेतली असं मला वाटायचं," आई म्हणाली.

"चांगलीच आहे की. फक्त तिचं हवामान वेगळं आहे."

दोघींनी मिळून चार पिंपं भरली. वसंतात एक व्यापारी चाखायला आला आणि आईची तारीफ करू लागला. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"माझ्या जावेला विचारा. ही वाइन तिला कळते, मी अजून शिकतेय."

काकू शेजारीच उभी होती. तिचे कान लाल झाले.