पांढऱ्या दारूतला गूळ

माझं तोंड फटकळ हाय, हे अख्ख्या कॅसलरॉकला ठाऊक. जंगलाच्या गार्डालाबी मी सोडत न्हाई. पण एका दिवशी ह्या मेल्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई. तेच सांगतेय.

लाकडाच्या ठेकेदार साहेबाच्या बंगल्यावर मी सैपाकाला व्हते. नवरा मेल्यावर बंगल्यामागची खोली तेवढी माझी. धाकट्या भावाला, नागूला, मीच साहेबाच्या हातापाया पडून तिथं चिकटवलेला. त्याची बायको पारू गावाकडं, कुंभारवाड्यात, सातवा महिना लागलेला.

त्या दिवशी गोव्याकडनं एक फिरंगी पाहुणा दुपारच्या जेवणाला येणार व्हता. सकाळच्या गाडीनं बर्फात घातलेली इस्वण मासळी आली, आणि द्राक्षाच्या पांढऱ्या दारूच्या दोन बाटल्या. साहेबानं नागूला बजावलं, "बाटल्या तडक ओढ्याच्या गार पाण्यात ठेव. दारू बिघडली तर चामडी लोळवीन." नुसतं बोलायचा न्हाई तो. एक बशी फुटली म्हणून आधीच्या गड्याला, म्हादूला, त्यानं अंगणात वेतानं मारलेलं. म्हादूला आठ दिवस पाठ टेकता आली न्हाई.

आणि आमचा शहाणा! ठेसनावर गावचा माणूस भेटला, तर गप्पा हाणत बसला. बाटल्या तासभर उन्हात. मला सांगताना त्याचे ओठ पांढरे पडलेले. "अक्का, बिघडली नसंल न्हवं?"

पाहुणा आला. नागूनं सैपाकघरात पहिली बाटली उघडली, तशी बारीक फसफस झाली. मी बोटावर थेंब घेऊन चाटला. अगं बाई! कच्च्या कैरीगत आंबट. फसफसतेय आणि आंबट लागतेय, म्हणजे बिघडलीच की! आमच्याकडं माडाची ताजी माडी उन्हात राहिली की अशीच व्हायची. मग आई तिच्यात गूळ घालून सावरून घ्यायची.

"गूळ दे हिकडं," मी म्हटलं.

"नगं अक्का. साहेबाला खरं सांगूया."

"सांगतोस? म्हादूची पाठ इसरलास? गप ऱ्हा, मुडद्या!"

घाईत निम्मा गूळ चुलीत पडला. उरलेला पाण्यात विरघळवला, फडक्यातनं गाळला, बाटलीत ओतला. नागू बाटली घेऊन आत गेला.

जरा वेळानं आत खुर्ची सरकली. साहेब बाटली घेऊनच सैपाकघरात आला, मागनं पाहुणा. पाहुण्याला आमची बोली येत व्हती. तो हसत म्हणाला, "अगो, आमच्या मुलखातली ही दारू अशीच असते. कोवळी, आंबट, जराशी फसफसती. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळावं तशी लागते. तिला गोड कोण करतं?"

म्हणजे बिघडली नव्हतीच. बिघडवली मी.

"कुणी केलं हे?" साहेबानं विचारलं.

वेत दिसला, अंगण दिसलं, माझी ट्रंक रस्त्यावर पडलेली दिसली. बोल की गं रांडे, मी मनात म्हणत व्हते. बोलले न्हाई.

"म्या केलं," नागू म्हणाला.

साहेब त्याला अंगणात घेऊन गेला. मला म्हणाला, "दुसरी बाटली हाय. मासळी तळ." पाहुण्यानं आणिक सांगितलं, चिंच नको, आमसूल नको, आंबटपणा दारूत हाय. मी मीठ-मिरी लावली, तांदळाच्या पिठात घोळवलं. बाहेर वेत वाजत व्हता आणि मी तुकडे उलटत व्हते. एकबी करपू दिला न्हाई.

जेवण झाल्यावर मला आत बोलावलं. ह्या दारूला अशी मासळी आजवर मिळाली नव्हती, पाहुणा म्हणाला. मी हात जोडले. हसलेबी. देवा, मी हसले!

मागं आले तर नागू गाठोडं बांधत व्हता; साहेबानं त्याला कामावरनं काढलेलं. सदरा पाठीला चिकटलेला. मला वाटलं, आता शिव्या घालंल. घाल बाबा, पोटभर घाल.

"अक्का," तो म्हणाला, "तू बोलली न्हाईस ते बरं केलंस. तुला दुसरी जागा कुठं हाय?"